गार नळी

मला लोक तापट म्हणतात. म्हणू द्या. जन्मभर दुसऱ्यांनी बिघडवलेल्या मोटारी निस्तरल्यावर माणसानं तापट व्हायचं न्हाई तर काय व्हायचं? पण आज मी माझं सांगून राह्यलो न्हाई. ख्वाजामियाँचं सांगून राह्यलो. आमच्या जालन्यात त्याला ओळखत न्हाई असा माणूस नव्हता, अन् मोटारीबिगर त्याच्याशी दुसरं काही बोललेला माणूसबी नव्हता.

मियाँ मूळचा बदनापूरचा. आधी टांगा हाकायचा. मोटारी आल्या, टांग्याचं गिऱ्हाईक तुटलं, तसं रामरावांनी त्याला ड्रायव्हर म्हणून ठेवून घेतलं. रामराव म्हणजे मोटारीचे मालक. सरकीचा व्यापार करता करता त्यांनी एक विलायती लॉरी घेतली, तिच्यावर लाकडी छप्पर चढवलं, आत बाकडी ठोकली अन् जालना-वाटूर-परतूर-आष्टी अशी सर्व्हिस चालू केली. दुपारची आगगाडी आली की स्टेशनावरचे पाशींजर भरायचे अन् निघायचं. मुक्काम आष्टीला, सकाळी परत. लढाई सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट. रस्ता म्हणजे नुसती खडी अन् फुफाटा. पावसाळ्यात काळ्या मातीत चाकं रुतायची, म्हणून दिवाळीपर्यंत सर्व्हिस बंदच राहायची.

उंच माणूस, पण पाठीत वाकलेला. टांग्याची एक सवय त्याची गेली न्हाई. चढ लागला की जिभेनं टक-टक करायचा, घोड्याला करावं तशी. पाशींजर हसायचे. तो हसायचा न्हाई, चिडायचाबी न्हाई. कमरबी, त्याची बायको, तापानं गेली. लेकरूबाळ नव्हतं. तिच्या मागं त्यानं भाड्याची खोली सोडली अन् मोटारीतच झोपायला लागला, मागच्या बाकड्यावर, तिनं शिवलेली गोधडी अंथरून. मी एकदा म्हणलो, मियाँ, दुसरं लगीन कर, असा किती दिवस राह्यशील? तर म्हणला, मोटार धुवायची राह्यली बद्रीभाऊ, अन् उठून गेला. ह्या माणसाशी बोलायचं तरी काय, सांगा.

आता मोटारीचा रोग सांगतो, कारण सगळं घडलं ते त्याच्यापायी.

पेट्रोल टाकीतून नळीनं येतं, पंप ते ओढतो अन् कार्बुरेटरच्या वाटीत सोडतो. त्या लॉरीची पेट्रोलची नळी धुराच्या पाइपाला खेटून गेल्ती. थंडीत काही होत न्हाई. पण चैत्र-वैशाखात, भर उन्हात, लांब चढ, मोटार भरलेली, चाल बैलगाडीची, वारा न्हाई, अशा वेळी धुराचा पाइप लाल व्हायच्या बेताला येतो अन् शेजारच्या नळीतलं पेट्रोल तितंच उकळतं. नळीत वाफ धरती. पंपाला पातळ पाहिजे, वाफ त्याला ओढता येत न्हाई. इंजन दोन आचके देतं अन् बंद. मंग किती का हँडल मारा, खांदा निखळंल पण मोटार चालू होणार न्हाई. एकच इलाज. पंपावर अन् नळीवर ओलं फडकं टाकायचं अन् गप बसायचं. नळी गार झाली की वाफेचं परत पेट्रोल होतं.

ही लॉरी उन्हाळ्यात बंद पडायची ती वाटूरच्या अलीकडच्या चढावर. चढाच्या मधोमध एक लिंब आहे. त्याच्याखाली वाटूरच्या पाटलांनी वडलांच्या नावानं पाणपोई घातली होती. पाडव्याला रांजण भरायचे, मिरग लागला की उपडे घालायचे. वाटसरूंना पाणी द्यायला गोजरबाई बसायची. म्हातारी, हाडांची मोळी. नवरा कवाच गेलेला, पोरी लांब दिलेल्या, घरात पुतण्याचा संसार. मिरगाला रांजण उपडे झाले की तिचं तोंड उतरायचं. म्हणायची, "गावात मला कोण पुसतं? हितं येणारा निदान पाणी तरी मागतो."

मोटार पहिल्यांदा तितं बंद पडली तवा ख्वाजामियाँनं तिच्याकडं मोटारीसाठी पाणी मागितलं. ती अडून बसली. पाणपोईचं पाणी तहानेचं, पाटलांनी तसं सोडलेलं, त्यानं पायबी धुवू द्यायचे न्हाईत असा तिचा नेम. मोटारीला तहान लागती का, असं तिनं इचारलं. मियाँ खोटं बोलायचा न्हाई. म्हणला, तहान न्हाई माय, ताप आलाय तिला. मंग म्हातारी उठली. तापाला कपाळावर पट्टी ठेवतात, एवढं तिला ठाऊक. आपल्या जुन्या लुगड्याचा पदर फाडला, अन् रांजणाला हात न लावता स्वतःसाठी आणलेल्या घागरीतलं पाणी घेऊन तो भिजवला. तिनं सांगितलं तशी घडी करून मियाँनं तो नळीवर ठेवला. चाकामागं दगडबी तिनंच लोटला, मोटार उतारानं मागं जाऊ नये म्हणून. पाशींजर लिंबाखाली सावलीला बसले. जरा वेळानं मोटार चालू झाली. म्हातारीला वाटलं, आपल्या पट्टीनं ताप उतरला. एका परीनं ते खरंबी होतं.

त्या दिवसापासून ती रोज एक घागर जास्तीची आणायला लागली. मोटारीची घागर. पाटलांचं पाणी वेगळं, हे वेगळं.

असा एक उन्हाळा गेला. दुसऱ्या उन्हाळ्याच्या तोंडाला रामरावांनी मला बोलावलं. पाशींजर वैतागलेत, म्हणले, रोज अर्धा तास चढावर कोण बसंल? ह्याच्यावर इलाज काढ. पुन्हा मोटार तितं बंद पडली तर मी ड्रायव्हर बदलीन. ख्वाजामियाँ म्हातारा होत चालला, कदाचित त्यालाच हाकता येत न्हाई. मियाँ दारात उभा राहून ऐकत होता. मी म्हणलो, मालक, ड्रायव्हरचं नाव घेऊ नका, दोष नळीचा आहे, तो मी काढतो. न्हाई काढला तर मिस्त्री म्हणू नका मला.

अन् काढला. नळी सोडवली, वाकवून धुराच्या पाइपापासून हातभर लांब नेली. जिनिंगच्या बॉयलरला धग बाहेर येऊ नये म्हणून गुंडाळतात ती पांढरी दोरी मागून आणली अन् सगळ्या नळीला गुंडाळली. मधी पत्र्याचा आडोसा ठोकला. मंग मोटारीत सरकीची पोती भरली अन् भर दुपारी स्वतः त्या चढावर नेली. एकदा न्हाई, पुन्हा पुन्हा. खाली यायचं, वर जायचं. मोटार हूं का चूं न करता चढली. गोजरबाई फडकं घेऊन उभी होती, तिला मी वरनंच हात केला. लई खूश होतो मी त्या दिवशी.

दुसऱ्या दिवशी मोटार बंद पडली. लिंबाखालीच.

माझं डोकं फिरलं. पत्रा काढला, मोठा बसवला. दोरी दुहेरी केली. पुन्हा बंद. पंप खोलला, पडदा बदलला, टाकीचं झाकण पाहिलं, हवेचं भोक बुजलं का पाहिलं. सगळं ठीक, अन् मोटार आपली बंद. स्टेशनावर लोक मला इचारायला लागले, काय मिस्त्री, कवा होती बरी? घरी जेवण जाईना. रामरावांनी निरोप धाडला की आठवडी बाजारापर्यंत वाट पाहतो, मंग नवा ड्रायव्हर आणतो. ख्वाजामियाँला मोटारीवरनं काढलं तर तो जाणार कुठं? घर म्हणलं तर तेच अन् बायकोची गोधडी अंथरायची जागा म्हणलं तर तीच. मला त्याची काळजी लागली, अन् त्याच्यापेक्षा जास्त माझ्या नावाची. खोटं कशाला बोलू?

एक दिवस त्याच्या शेजारी पुढं बसून गेलो. मोटार बंद पडली न्हाई. सरळ आष्टीला गेली. मी आष्टीच्या हाटेलात सगळ्यांना चहा पाजला. अन् मी न्हाई त्या दिवशी, झालं, मोटार पुन्हा लिंबाखाली.

तवा माझ्या मनात पाल चुकचुकली. बाजाराच्या दिवशी स्टेशनावर गर्दीत मागनं चढलो अन् डोक्यावरनं घोंगडी घेऊन कोपऱ्यात बसलो. वैशाखात घोंगडी! शेजारच्या बाईनं लेकरू आवरून घेतलं, तिला वाटलं ह्याला देवी आल्या. घामानं भिजून गेल्तो, पण हललो न्हाई. चढ लागला. मियाँची टक-टक ऐकू आली. लिंब दिसायला लागलं, अन् बराबर लिंबाच्या सावलीत इंजननं दोन आचके दिले. बंद. पाशींजर उतरले. म्हातारीनं दगड लोटला, फडकं पिळलं. मियाँनं इंजनचं झाकण उघडलं.

मी घोंगडी टाकली अन् पुढं जाऊन नळीला हात लावला.

नळी गार होती. वैशाखातल्या दुपारी जितकी गार राहावी तितकी. पंप तसाच. माझी दोरी, माझा पत्रा, सगळं जागच्या जागी, अन् चोख काम. मी वळून आत पाहिलं. ड्रायव्हरच्या पायाजवळ पेट्रोलची तोटी असती, टाकीतलं पेट्रोल बंद-चालू करायची. ती आडवी फिरवलेली होती. तोटी बंद केली तरी वाटीत राह्यलेल्या पेट्रोलवर मोटार थोडी चालती. किती चालती, ते ह्या माणसानं अंदाजानं इतकं पक्कं बसवलं होतं की मोटार बराबर लिंबाखाली येऊन मरावी.

ख्वाजामियाँनं माझ्याकडं पाहिलं. हातातलं ओलं फडकं त्यानं त्या गार नळीवर ठेवलं अन् नीट दाबून बसवलं, जसं काही मी तितं न्हाईच. मी तोंड उघडणार, तेवढ्यात गोजरबाई त्याला म्हणली, "ख्वाजा, जेवला का रे लेकरा?" तो न्हाई म्हणला. तिनं पदराखालनं भाकरीचा चतकोर काढला, वर ठेचा. वरूनच त्याच्या हातावर टाकला, तिच्या रिवाजाप्रमाणं, अन् समोर बसून तो खातो का पाहत राह्यली. काल पोट दुखत होतं ते थांबलं का, सदरा कोणी उसवला, रात्री झोप लागती का, असलं काहीबाही इचारत होती. अन् हा मुका माणूस तिला सगळं सांगत होता. बोलत होता! मी तर ऐकतच राह्यलो. पाशींजरांसमोर काही बोललो न्हाई.

दुसऱ्या दिवशी जालन्यात माझ्या दुकानात त्याला गाठलं अन् तोंडाला येईल ते बोललो. लोकांनी माझ्या तोंडावर हसावं, माझं नाव मातीत जावं, अन् हा तिकडं तोटी फिरवून भाकर खात बसतो! तुला थांबायचंच होतं तर नुसतं थांबायचं होतं, माझं काम खोटं कायला पाडलंस? तो चिंधीनं हात पुसत उभा होता. हात कवाच स्वच्छ झाले होते, तरी पुसत होता. माझं बोलून संपलं तवा म्हणला,

"नुसता थांबलो तर पाशींजर वरडतील, मालक इचारतील. अन् तिला काय सांगू? तिला काम पाहिजे बद्रीभाऊ. मोटारीचा ताप उतरवती म्हणून ती उठून उभी राहती. अन् माझं म्हणाल तर, दिवसभर मला सारी दुनिया एकच इचारती, मोटार कवा सुटणार. ती एकटी इचारती, जेवला का."

सुचलं न्हाई की मी आणखी चिडतो, हा माझा स्वभाव. म्हणलो, ते सगळं बराबर, पण उद्यापासून मोटार तितं थांबली तर मी स्वतः रामरावांना सांगीन. नोकरी राखायची का म्हातारी, तू ठरव. तो म्हणला, बराबर है, अन् गेला. रागानं न्हाई गेला. रागानं गेला असता तर मला बरं वाटलं असतं.

मोटार थांबायची बंद झाली. रामरावांनी मला बोलावून चारचौघांत पाठ थोपटली. स्टेशनावर माझं नाव झालं. हात लावावा तर बद्रीनाथनं, असं लोक म्हणायला लागले. मीबी मान ताठ करून फिरत होतो.

थोड्या दिवसांनी वाटूरला पिठाच्या गिरणीचं इंजन दुरुस्त करायला गेल्तो. परत येताना बैलगाडी होती. ऊन मरणाचं, म्हणून चढावर लिंबाखाली पाणी प्यायला उतरलो. गोजरबाईनं वरून धार धरली, मी ओंजळीनं प्यालो. तिनं मला ओळखलं, पण तिचं ध्यान रस्त्याकडं होतं. मला काही ऐकू यायच्या आधी ती उठली. मोटारीच्या घागरीतनं फडकं काढलं, पायानं दगड रस्त्याच्या कडंला सरकवला अन् उभी राह्यली. मंग मला मोटारीचा आवाज आला. मोटार चढत आली. ख्वाजामियाँ समोर पाहत होता. जिभेची टक-टकबी नव्हती. तो तसाच पुढं गेला. फुफाटा उडाला, अन् फुफाट्यात ती म्हातारी तशीच उभी, हातातल्या फडक्याचं पाणी पायावर गळून राह्यलेलं.

मंग तिनं फडकं घागरीवर धरून पिळलं, पाणी वाया जाऊ नये म्हणून. माझ्याकडं आली अन् इचारलं, "मिस्त्री, बरी झाली का मोटार?"

मी म्हणलो, झाली.

"बरं झालं माय. लेकराला लई तरास व्हता." मंग म्हणली, "तरी मी घागर भरूनच ठेवती. यंत्राचं काय, कवा बंद पडंल."

पदराखालनं तिनं भाकर काढली. म्हणली, हे तुम्हीच खा आता, सांजपर्यंत वाळून जाती, अन् मला एकटीला घास गिळत न्हाई. मी ती भाकर हातात घेतली. ठेचा तिखट होता, डोळ्यांत पाणी यायला तेवढं निमित्त झालं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. माझ्या हातानं आजपर्यंत झालेलं सगळ्यात चोख काम, अन् त्यानं दोन माणसांचं एवढुसं सुख मोडून टाकलं होतं. अन् मी त्याच कामाची शाबासकी घेत गावभर मिरवत होतो.

जालन्याला आल्यावर ख्वाजामियाँला म्हणलो, मियाँ, उद्यापासून तोटी फिरव. त्यानं इचारलं, अन् मालक? मी म्हणलो, ते माझ्यावर सोड.

मोटार पुन्हा लिंबाखाली बंद पडायला लागली. व्हायचं तेच झालं. रामरावांनी दोघांनाबी पेढीवर बोलावलं. सरकीचे दलाल, दोन आडते, स्टेशनाकडचे लोक, सगळे बसलेले. रामराव म्हणले, मिस्त्री, तू तर बरी केल्ती ना? मंग हा ड्रायव्हरच निकामी आहे म्हणायचा.

मी आयुष्यात कोणत्या मोटारीपुढं हात टेकले न्हाईत. पण त्या पेढीवर उभा राहून म्हणलो, "ड्रायव्हरचा काही दोष न्हाई मालक. हा रोग माझ्यानं बरा होत न्हाई. त्या चढावर कोणालाबी बसवा, मोटार बंद पडणारच. हा निदान ओलं फडकं टाकून चालू करतो, नवा ड्रायव्हर आणला तर पाशींजर तितंच मुक्काम करतील."

कोणी तरी हसलं. रामरावांनी चोपडी मिटली. मंग म्हणले, ठीक आहे, ड्रायव्हर राहू द्या, मिस्त्री बदलू. तवापासून त्यांच्या मोटारीचं काम औरंगाबादच्या एका मिस्त्रीकडं गेलं. बाजारात लोकांना एक खेळणं मिळालं. हाटेलात बसलो की कोणी तरी कप पुढं करायचं, बद्रीनाथ, चहाला वाफ धरली, जरा पाहा बरं. मी शिव्या द्यायचो. पण खरं काय ते कोणाला सांगितलं न्हाई. बायकोलाबी न्हाई. ख्वाजामियाँ त्याच्यावर मला एक शब्द बोलला न्हाई. फक्त आष्टीहून येताना कवा कवा माझ्या दुकानाच्या उंबऱ्यावर फडक्यात बांधलेला चतकोर ठेवून जायचा. ठेचा तोच.

असे दोन उन्हाळे गेले. मोटार लिंबाखाली थांबायची, म्हातारी तिचा ताप उतरवायची, पाशींजरांनाबी सवय झाली. ते घरनंच फराळ बांधून आणायला लागले.

मंग एका हिवाळ्यात, पौषात, गोजरबाई गेली. थंडीत मोटार तितं बंद पडायचं काही कारण नव्हतं, म्हणून मियाँ तितं थांबत नव्हता. अन् थांबला असता तरी लिंबाखाली कोण होतं? ती त्या दिवसांत गावात असायची, पुतण्याच्या घरी, जिथं तिला कोणी पुसत नव्हतं. ख्वाजामियाँला कळवावं असं कोणाच्या मनात यायचं कारणच न्हाई. तो तिचा कोण?

पाडव्याला रांजण भरले. मियाँनं चढावर तोटी फिरवली. मोटार बराबर लिंबाखाली आली अन् थांबली. रांजणाजवळ पाटलांचा गडी बसलेला. त्यानं तितंच बसल्या बसल्या सांगितलं, म्हातारी पौषात खपली. त्या दिवशी मोटारीत असलेल्या एकानं मला पुढचं सांगितलं. ख्वाजामियाँ उतरला होता, तो तसाच उभा राह्यला. ना झाकण उघडलं, ना पाणी मागितलं. पाशींजर लिंबाखाली फराळ सोडायला लागले, तेवढ्यात तो वर चढून बसला. हँडल मारायला कोणाला तरी सांगितलं अन् मोटार लगेच चालू झाली. पाशींजरांना अर्धा घास तोंडात धरून पळावं लागलं.

त्याच्यानंतर मोटार त्या चढावर कवाच बंद पडली न्हाई.

झालं! औरंगाबादच्या मिस्त्रीचा जयजयकार. त्यानं नेमकी पाडव्यानंतर मोटारीत कसलीशी चकती बसवली होती. रामरावांनी मला मुद्दाम बोलावून सांगितलं, पाहा बद्रीनाथ, ह्याला म्हणतात मिस्त्री, तू तर हात वर केल्ते. लोकांनी माना डोलवल्या. माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. एक शब्द बोललो असतो तर त्या चकतीवाल्याचं पाणी पाणी झालं असतं. पण बोलायचं म्हणजे ख्वाजामियाँची तोटी उघडी पाडायची. गिळलं. आम्ही तापट माणसं, गिळायची आम्हाला सवय नसती, दुखतं.

वैशाखात आष्टीला काम निघालं. मी मियाँच्या शेजारी पुढं बसलो. आधीच बोलायचा न्हाई, आता तर नुसता रस्ता पाहायचा. दाढी सगळी पांढरी झाल्ती. सदऱ्याची बाही उसवलेली. वाटेत पाशींजर मागनं इचारत होते, मियाँ, वाटूरला कवा पोचंल, परतूरला कवा. तो सांगत होता.

चढ लागला. लिंब दिसलं. दगड अजून रस्त्याच्या कडंला तसाच पडलेला होता. मी पाहिलं, ख्वाजामियाँचा उजवा हात स्टेअरिंगच्या चाकावरनं सुटला अन् खाली गेला, तोटीवर. तितंच राह्यला. मोटार लिंबाच्या सावलीत आली, सावलीतनं उन्हात गेली. मंग तो हात हळूच वर आला अन् चाकावर बसला.

आयुष्यात मी ह्या माणसाला किती वेळा भेटलो असंन. नळीचं इचारलं, पंपाचं इचारलं, मालक काय म्हणतात ते इचारलं.

मी म्हणलो, "मियाँ, जेवला का?"

चढ संपला, मोटार सपाटीला लागली, तवा तो समोर पाहतच म्हणला,

"न्हाई."